परकोट दाखवणारी

४ ऑक्टोबर, मोहर्ली

आज वाघाच्या जंगलातलं गाइडचं काम सोडलं. सात वर्षं घातलेला खाकी शर्ट धुतला, घडी केली आणि परत देऊन आले. विचार करून सोडलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. रागात सोडलं.

सकाळच्या फेरीला जिप्सीत तीन पाहुणे होते. नागपूरचं एक जोडपं आणि अमेरिकेहून आलेली लॉरेटा नावाची शिक्षिका. पन्नाशीची, उंच, काळी, डोक्याला रंगीत रुमाल बांधलेली. गेटातून आत शिरलो तेव्हा अजून अंधार होता. नागपूरची बाई नवऱ्याला म्हणाली, "अंधेरे में तो ये दिखेगी भी नहीं." दोघं हसले. लॉरेटाला वाटलं वाघाचं काही बोलतायत, म्हणून तीही हसली. मी ऐकलं आणि गप्प बसले. पाहुण्यांच्या तोंडी लागायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

तळ्याजवळ गाडी थांबली. लॉरेटाने मला इंग्रजीत विचारलं, "या जंगलात आधी कोण राहायचं?" मी तोंड उघडायच्या आत नागपूरवाला म्हणाला, "नोबडी. ओन्ली जंगल."

माझी आजी धुरपता या जंगलातल्या गावात जन्मली. वाघांसाठी गाव उठवलं तेव्हा माझी आई तिच्या कडेवर होती. ते मी सांगितलं. आवाज चढला असेल. तो माणूस माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाला, "अच्छा, आप ट्राइबल हो? लगती नहीं."

लॉरेटाने एवढंच विचारलं, "आजीचं नाव काय?"

परत येताना ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या शहरात तिचा मावसभाऊ लोकांना काळ्या लोकांच्या जुन्या वस्तीतून पायी फिरवतो. कोणतं चर्च कोणी बांधलं, कोणत्या कोपऱ्यावर कोणाला मारलं, ते सांगतो. फेब्रुवारीचा अख्खा महिना त्यांच्या इतिहासाचा असतो. आणि इतर अकरा महिनेसुद्धा ती ठरवून आपल्या लोकांच्या खानावळीत जेवते, आपल्या लोकांच्या दुकानात केस कापते. मी म्हटलं, आमचं चंद्रपूर गोंड राजांची राजधानी होतं, शहराभोवतीचा परकोट अजून उभा आहे. ती म्हणाली, "मग तिथं कोण फिरवतं?"

कोणीच नाही. निदान आमच्यातलं कोणी नाही.

नागपूरवाल्याने तक्रार केली, वाघ दिसला नाही आणि गाइड राजकारण बोलते. बाकीचे गाइड म्हणाले, "माफी मागून टाक ना पुनम, काऊन वाढवतं?" मी शर्ट काढला.

राग त्याच्यावर आहेच. पण जास्त राग माझ्या स्वतःवर आहे. त्या बाईचं वाक्य मी लॉरेटाला सांगितलं नाही. ती त्यांच्यासोबत हसत राहिली आणि मी तिला हसू दिलं.

११ ऑक्टोबर, चंद्रपूर

भिवापूर वॉर्डात अंजनामावशीकडे राहायला आले. मावशी एकटीच असते. लग्नाच्या घरी स्वयंपाकाला जाते. गोंडाची बाई म्हणून काही घरी तिला भांड्यांनाच लावतात, चुलीजवळ येऊ देत नाहीत. ती हे डाळीला फोडणी द्यावी तसं सहज सांगते. मला सहज ऐकता येत नाही.

तिला माझा बेत सांगितला. सकाळी सातला पठाणपुरा गेटपासून निघायचं, परकोटाच्या कडेने अंचलेश्वर गेट, राणी हिराईने नवऱ्यासाठी बांधलेली समाधी, आणि शेवटी मावशीच्या अंगणात जेवण. लाखोरीच्या डाळीचं वरण, भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. पळसाच्या पत्रावळीवर.

मावशी म्हणाली, "लोक आपल्या घरी जेवतीन?"

"जे जेवणार नाई त्यायले मी परकोटही दाखवणार नाई."

ती हसली नाही. म्हणाली, "मंग अंगण सारवा लागन."

१४ ऑक्टोबर

प्रफुल भेटला. प्रफुल सिडाम, बीएला माझ्या वर्गात होता. आता समाजाचा कुठलाही कार्यक्रम असो, माइक त्याच्याच हातात असतो. बोलतोही छान. माझं ऐकून त्याने मांडीवर थाप मारली.

"हेच पाह्यजे होतं, पुनम. आपल्या इतिहासावर दुसरे पोट भरून राह्यले. आपल्या माणसानं आपल्याच माणसाकडून घ्यावं. मी आहो तुह्या मागं."

बरं वाटलं. आपलं माणूस म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं.

१८ ऑक्टोबर

पहिली फेरी झाली. पाच माणसं आली. ऊर्जानगरच्या क्वार्टरमधली तीन आणि गडचांदूरच्या शाळेतल्या दोन मास्तरणी. एका मास्तरणीचे गुडघे दुखत होते. पठाणपुऱ्याच्या स्टँडवरून ई-रिक्षा घेतली. चालवणारा अकरम, तिशीतला, परकोटाच्या आतच राहणारा. तो रिक्षा आमच्या चालीने हळूहळू चालवत राहिला आणि मी बोलत होते ते सगळं कान देऊन ऐकत राहिला. समाधीपाशी म्हणाला, "दीदी, मी रोज इथून जातो. हे एका बाईनं बांधलं, हे मले आज माहीत झालं."

पुढच्या वेळी बोलवा म्हणाला. ठरलं.

प्रफुल संध्याकाळी आला. पत्रक छापू म्हणाला, त्यासाठी माझी वही हवी. सहा वर्षांपासून लिहितेय ती. ग्रंथालयातून उतरवलेलं, म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं, कुठल्या गेटावर कोरलेला सिंह हत्तीवर कसा चढलाय त्याची चित्रं, कुठं थांबायचं, काय बोलायचं. सगळं त्यात आहे. काही घरचंही आहे. गाव उठल्यावर आजी या शहरात आली आणि परकोटाच्या डागडुजीवर गिट्टी फोडायला लागली. झाडाखाली जो बुरूज आहे तिथं ती बसायची. वहीत त्याला मी 'धुरपताचा बुरूज' लिहिलंय. हे कोणासमोर बोलत नाही. नाहीतर लोकांना वाटायचं, कोणी मोठी बाई होऊन गेली.

वही दिली. चार दिवसांत टाइप करून परत देतो म्हणाला.

२१ ऑक्टोबर

शेडमाके शहीद दिन. तुरुंगाकडच्या रस्त्यावर समाजाच्या झेंड्यांचा पिवळाच पिवळा रंग. कोरपना, अहेरी, एटापल्ली, कुठून कुठून माणसं आली होती. इंग्रजांनी शेडमाकेंना ज्यावर फाशी दिलं त्या पिंपळाच्या दिशेने म्हाताऱ्या हात जोडत होत्या, मीही जोडले.

नंतर सभेत प्रफुल बोलला. "आपल्या माणसाची चहाटपरी शोधा. आपल्या माणसाचं शिलाईदुकान शोधा. तिथंच जा." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

सभा संपल्यावर पाहुण्यांसाठी जेवणाचे डबे आले. बाहेरच्या केटररचे. मावशी सकाळपासून वरणाचं भांडं चढवून बसली होती. प्रफुलने तिला दीडशे पत्रावळींची तयारी ठेव म्हणून सांगितलं होतं. तिने ठेवली. मी त्याला गाठलं.

"अगं, कमिटीनं ठरवलं. माझ्या हातात काय आहे?" तो म्हणाला. "पुढच्या वेळी नक्की."

मावशीने वरणाचं भांडं उचललं आणि वॉर्डातल्या सगळ्या घरांत वाटलं.  मी मात्र कमिटीला मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते या डायरीतही लिहिता येणार नाही. प्रफुलचा काय दोष? तो एकटा कुठं कुठं पुरणार.

२ नोव्हेंबर

या बारा दिवसांत तीन फेऱ्या. एका फेरीला कॉलेजच्या आठ मुली. एकीने विचारलं, "मॅडम, हे आमच्या पुस्तकात काऊन नाई?" मी म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याला विचार.

अकरम आता गेटांची नावं माझ्याआधी सांगतो. त्याची आई, सगळे त्यांना अख्तरीखाला म्हणतात, परकोटाला लागूनच शिवणकाम करतात. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं.

प्रफुलकडे वही मागितली. प्रेसमध्ये आहे म्हणाला. नवा मोबाइल होता हातात. सासऱ्याने दिला म्हणे.

९ नोव्हेंबर



जटपुरा गेटजवळच्या हॉटेलात रंगीत पत्रक बघितलं. 'गोंडवाना हेरिटेज वॉक.' नागपूरच्या एका इव्हेंट कंपनीचं. वारसा सप्ताहात रोज सकाळी, एसी बसने. माझीच वाट. पठाणपुरा, अंचलेश्वर, समाधी. मी जिथं थांबते तिथंच थांबतात. आत माझी वाक्यं आहेत. 'हा परकोट दगडाचा नाही, दगड वाहणाऱ्यांचा आहे.' हे मी लिहिलंय, तापात पडले होते तेव्हा.

खाली लिहिलंय, 'ट्रायबल वेलकम आणि ट्रायबल लंच'. लंच हॉटेलात.

प्रफुलला फोन केला. तो लगेच आला. पत्रक बघून डोक्याला हात लावून बसला. मग म्हणाला, "पुनम, तुह्यासंगं प्रत्येक फेरीले कोण असते?"

"अकरम."

"मंग. तो सगळं ऐकून राह्यला, महिनाभर. कोणाचा आहे तो? आपला आहे का?"

मला हे आधी का सुचलं नाही?

१० नोव्हेंबर

स्टँडवर गेले. पाच-सहा रिक्षावाले होते. अकरम सीट पुसत होता. मला बघून हसला. मी ते पत्रक त्याच्या अंगावर फेकलं.

"किती भेटले?"

"काय दीदी?"

"माझं तोंड पाहून ऐकत होता ना. एकेक शब्द नेऊन विकला. आपला असता तं असं केलं नसतं."

बाकीचे उठून जवळ आले. अकरमने पत्रक उचललं, वाचलं. त्याला वाचायला वेळ लागतो. मग घडी करून मला परत दिलं.

"माझे दादा-परदादा याच परकोटात मेले, बाई," तो म्हणाला. "मी कोणाचा?"

दीदी नाही, बाई म्हणाला.

मी निघाले. चोर असाच बोलतो.

१३ नोव्हेंबर

मावशी माझ्याशी धड बोलत नाही. आज भाकर थापताना म्हणाली, "वही कुठी आहे तुही?"

"प्रेसमध्ये."

"एका पत्रकाले किती दिवस लागते?"

मी म्हटलं, मावशी, तुला प्रेसमधलं काय समजते. तिने तवा जरा जोरात ठेवला.

रविवारच्या फेरीला दोनच माणसं आली. रिक्षा नव्हती. त्यातला एक म्हणाला, बस असती तर बरं झालं असतं.

१७ नोव्हेंबर

कंपनीतून फोन. कोणी मुलगी होती, गोड आवाजात. वारसा सप्ताहात बसचं स्वागत करायला 'ट्रायबल ड्रेस'मध्ये दोन स्त्रिया हव्यात. डोक्यावर मोरपिसं, हातात कळशी. "मॅडम, तुम्हाला काही बोलायचं नाही, फक्त स्माइल."

माझी वाट, माझी वाक्यं आणि मी कळशी घेऊन उभी राहू.

माझा नंबर कोणी दिला विचारलं तर म्हणाली, "लोकल टीमने."

प्रफुलला सांगितलं. मला वाटलं तोही पेटेल. तो म्हणाला, "हो म्हणून टाक. आत गेली तं आतून काही करता येईन." त्याला राग नसेल आला असं नाही. थकला असेल. समाजासाठी राबणारा माणूस किती ठिकाणी भांडेल?

२० नोव्हेंबर

सकाळी सातला जाऊन त्यांच्या बसच्या मागे उभी राहिले. परकोट सरकारचा, रस्ता सगळ्यांचा, मला कोण अडवणार? चाळीस पाहुणे होते. मोरपिसं लावून दोन पोरी उभ्या होत्या. त्या आमच्या नव्हत्या, नाटक कंपनीतल्या होत्या. थंडीने कुडकुडत होत्या. गाइड होता झब्बा घातलेला, फेटा बांधलेला एक तरुण. कानाशी छोटा माइक.

तो पाठ केलेलं बोलत होता. माझं होतं म्हणून मला पुढचा शब्द आधी माहीत होता. मी दात आवळून चालत राहिले.

झाडाखालच्या बुरुजापाशी तो थांबला. हात वर करून म्हणाला, "और ये है धुरपता बुर्ज. गोंडवाना की वीरांगना रानी धुरपता यहीं से सेना का संचालन करती थी."

लोकांनी फोटो काढले.

क्षणभर मला नीट ऐकू आलं का तेच कळेना. मग माझे पाय आपोआप पुढे गेले. मी म्हटलं, "ती राणी नव्हती."

"जी?"

"धुरपता माझी आजी. ती राणी नव्हती. ती इथी बसून गिट्टी फोडे. तिचा एक डोळा खडा उडून गेला. तिचं गाव उठवलं होतं म्हणून ती इथी आली. तिनं कोणती सेना चालवली नाई. तिनं माझी माय वाढवली."

माइकवाला हसायचा प्रयत्न करत होता. मागून एका पाहुण्याने विचारलं, "ये शो का पार्ट है क्या?"

आणि मी बोलता बोलताच थांबले. 'धुरपताचा बुरूज' मी कधी तोंडाने म्हटलंच नव्हतं. ना मास्तरणींसमोर, ना कॉलेजच्या मुलींसमोर. ना अकरमसमोर. ते फक्त वहीत होतं.

बसच्या दाराशी प्रफुल उभा होता. गळ्यात कंपनीच्या नावाची पट्टी. मला बघून त्याने ती शर्टच्या आत सारली.

बस पुढे गेली, तो थांबला. मी विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"तू महिन्याले चार फेऱ्या करशीन, पुनम. वीस माणसं. हे रोज चाळीस लोकायले सांगून राह्यले. इतिहास पोचून राह्यला ना? कोणाच्या तोंडून, यानं काय फरक पडते?"

"माझ्या आजीले राणी केलं त्यायनं."

"मंग चांगलंच केलं ना."

"मावशीनं दीडशे पत्रावळी लावल्या होत्या, प्रफुल."

तो मग म्हणाला, "मलेही घर आहे. दहा वर्षं माइक धरून उभा आहो. टाळ्या भेटते. टाळ्यायवर घर चालत नाई. तुह्याकडं मी आलो असतो तं तू मले काय दिलं असतं?"

  त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. त्याचं बोलणं सगळं खोटं नव्हतं, म्हणून राग आणखीच भडकला.

वही मागितली. म्हणाला, ऑफिसात आहे, आणून देतो.

२१ नोव्हेंबर

वही आली. मावशीच्या दारात ठेवून गेला, आत आला नाही. पानांवर कोणीतरी हिरव्या पेनाने खुणा केल्यात. 'इंटरेस्टिंग', 'लांब आहे, काटा', 'राणी?'

वस्तीतल्या काही जणांनी निरोप धाडले. आपल्याच माणसाच्या कामात चारचौघांत बोलायला नको होतं. समाजाची बदनामी होते. निरोप घेऊन आलेल्याला मी दारातून परत पाठवलं.

मावशीने विचारलं, "त्या पोराचं काय?"

"कोणत्या?"

"रिक्षावाल्याच्या."

दिवसभर मी प्रफुलवर चिडले होते. चिडणं सोपं होतं म्हणून.

२३ नोव्हेंबर

दुपारी अकरमच्या घरी गेले. तो नव्हता. अख्तरीखाला मशीनवर होत्या. बस म्हणाल्या नाहीत, पण स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"त्या बसवाल्यायनं याले बोलावलं होतं," त्या सुई ओवता ओवता म्हणाल्या. "रोजचं काम देतो म्हणे. गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्यायले घेऊन जायचं. हा गेला नाई. म्हणे, ती दीदीची वाट आहे."

"कधी बोलावलं होतं?"

"तू स्टँडवर तमाशा केला, त्याच्या आदल्या दिवशी. तुले सांगणारच होता."

मी खाली बघत बसले. प्रफुलने विचारलं होतं, कोणाचा आहे तो. आणि मी, जिला नागपूरवाल्याने 'लगती नहीं' म्हटलं म्हणून पेटून उठले, मी अकरमला तेच विचारून आले होते. वरून स्वतःला खरी समजत होते.

अकरम आला. मला बघून दारातच थांबला. मी उठले. म्हटलं, चुकलं माझं.

तो म्हणाला, "तुमी स्टँडवर बोलल्या, बाई. इथी नाई."

त्याच्या आईनेही मान वर केली नाही. मशीन चालू झालं.

२४ नोव्हेंबर

सकाळी नऊला स्टँडवर गेले. मुद्दाम गर्दीच्या वेळी. सात रिक्षा होत्या. चहावाला, पंक्चरवाला, दोन सवाऱ्या.  जंगलात वाघापासून वीस फुटांवर उभं राहणं याहून सोपं होतं.

"दोन आठवड्यांआधी मी इथी येऊन अकरमले चोर म्हटलं," मी म्हणाले. "चोर दुसरा होता. माझ्याच जातीचा, माझ्याच वर्गातला. त्याच्यावर मी शक घेतला नाई, कारण तो आपला होता. याच्यावर घेतला, कारण हा आपला नाई असं माझ्या मनात होतं. ते तोंडातून निघालं. मी चुकली."

 पंक्चरवाल्याने काम थांबवलं होतं, ते परत सुरू केलं.

अकरम म्हणाला, "ठीक."

"परत येशील?"

"येईन. सवारी आहे, येईनच." मग म्हणाला, "माफ केलं का, ते मले आजच नाई सांगता येत."

बरोबर आहे. माझा राग कोणाला विचारून येत नाही, मग त्याच्या रागाने मला विचारून का जावं?

२९ नोव्हेंबर

एटापल्लीकडच्या बचत गटाच्या बाईचा फोन आला. कॉलेजच्या त्या मुलींमधली एक तिची भाची. बेचाळीस बायका गाडी करून चंद्रपूर बघायला येतायत. आजवर देवदर्शनाला गेल्या, या वेळी म्हणे आपल्या राजांचं बघायचंय, आपल्याच बाईकडून, आपल्याच बाईच्या हातचं जेवायचंय.

मावशीला सांगितलं. ती कोपऱ्यातली पत्रावळींची थप्पी काढून एकेक पान उन्हात पसरायला लागली. "बेचाळीस ना?" तिने तीनदा विचारलं.

७ डिसेंबर

आज ती गाडी आली. बहुतेक बाया साठीच्या पुढच्या. कोणाच्या कपाळावर, हातावर गोंदण. गटाची पुढारी मैनीबाई, काठी टेकत चालणारी. गोंडीच बोलते, मराठी मोडकी. माझी गोंडी तिच्या मराठीहून वाईट. मी एक शब्द चुकवला की बेचाळीस जणी दुरुस्त करायच्या. लाज वाटली. मग पुढे वाटेनाशी झाली.

अकरमने आणखी दोन रिक्षा आणल्या होत्या. मैनीबाईने त्याला विचारलं, "तू कोणता?" तो म्हणाला, "मी इथलाच, याया." गोंडीतला हा आईसाठीचा शब्द त्याने सकाळीच त्यांच्याकडून उचलला होता. माझ्याशी आज तो कामापुरतं बोलला. तरी समाधीच्या पायरीवर मला हात दिला. 'दीदी' म्हणाला नाही.

समाधीच्या आवारात मी सांगायला बसले. एक बाई राज्य चालवत होती. नवरा मारला गेल्यावर तिने हे उभारलं. दगड कुठून आला असेल, कोणी वाहिला असेल, याचं कागदावर काही नाही. बाया खाली बसल्या, दगडांवरून हात फिरवत. एकीने आपल्या पदराने पायरी पुसली. कोणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात कंपनीची बस आली. सप्ताह संपला तरी त्यांचे वॉक चालूच आहेत. कॅमेरावाला उतरला, मोरपिसं लावलेल्या पोरी उतरल्या. आणि पट्टी गळ्यात घालून प्रफुल. त्याने मला पाहिलं, पण माझ्याकडे आला नाही. बायांकडे वाकून गोड आवाजात म्हणाला, "याया, पाच मिनिटं बाजूले बसा ना. इथी शूटिंग घ्यायची आहे. आपल्याच राजायची फिल्म आहे."

एकही बाई उठली नाही. मैनीबाईने काठी आडवी मांडीवर घेतली.

"तू कोणाचा?"

"मी इथं कॉर्डिनेटर—"

"कोणाचा, म्हनतो मी."

प्रफुलने मागे बसकडे बघितलं. कॅमेरावाला घड्याळ बघत होता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "झाडू सिडामचा. आष्टीकडचा."

"सिडामचा पोरगा," मैनीबाई बाकीच्यांना म्हणाली. दोघीतिघींनी मान हलवली. कोणी नाव ओळखलं असेल. ती थोडी सरकली आणि आपल्या शेजारची जागा हाताने झाडली. "मंग बस. हे पोरगी सांगून राह्यली, ते आयक."

बसवाले हाका मारत होते. प्रफुलचा नवा मोबाइल वाजत होता.

माझा राग गेला नव्हता. आता लिहितानाही गेलेला नाही. पण बेचाळीस जणी माझ्याकडे बघत होत्या आणि माझं सांगणं अर्ध्यावर राहिलं होतं. मी पुढचं सांगायला लागले. तो बसला की उभाच राहिला, ते मी वळून बघितलं नाही.